चढावर ओढ सोडणारी पिकअप

रिकामी चालवली की गाडीत काही दोषच नाही. अर्ध्या सेल्फला चालू व्हायची, आयडलिंग एकसारखं, सपाट रस्त्यावर ८० चा वेग धरला तरी कुरकुर नाही. हौद्यात माल भरून लांब चढाला लावली की मात्र तिसऱ्या गिअरमध्ये, २,५०० आरपीएमच्या आसपास, पाय पूर्ण दाबलेला असताना अचानक ओढ जायची. झटका नाही, आवाज नाही, धूर नाही. गाडी बसायची, इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि त्यानंतर कितीही रेस केली तरी काटा २,००० च्या वर सरकायचा नाही. बाजूला घेऊन बंद केली, जरा थांबून पुन्हा चालू केली, की काही झालंच नाही अशा थाटात निघायची. पुढचा चढ आला की पुन्हा तेच.

स्कॅनर लावला तर कोड आला पी ००८७. म्हणजे रेलमधला, सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतला, डिझेलचा दाब हवा त्यापेक्षा कमी. कोड एवढंच सांगतो. दाब का कमी, कुठे कमी, हे सांगणं त्याचं काम नाही. तरी हा कोड दिसला की गॅरेजमध्ये दोनच नावं निघतात, रेलमध्ये दाब तयार करणारा हाय प्रेशर पंप किंवा इंजिनात डिझेल फवारणारे नोझल. ज्याला गाडी दाखवली त्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "साहेब, पंप गेला. नोझलही बघावे लागतील." दोन्ही वस्तू गाडीतल्या सगळ्यांत महागड्या. पंप खरंच गेला असता तर बदलायला माझी ना नव्हती, पण निदान तरी व्हायला हवं होतं. म्हटलं, आधी मोजून बघतो.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉमन रेल डिझेलमध्ये इंधनाचा रस्ता दोन भागांत असतो. पहिला भाग कमी दाबाचा: टाकी, टाकीतली जाळी, फीड पंप, पाइप, पाणी वेगळं करणारा फिल्टर, आणि तिथून हाय प्रेशर पंपाच्या तोंडापर्यंत. इथे दाब फार तर चार-पाच बार. दुसरा भाग तिथून पुढे: हाय प्रेशर पंप, रेल, नोझल. इथे आयडलिंगलाच ३०० बारच्या आसपास दाब असतो आणि पूर्ण लोडवर तो १,५०० च्या पुढे जातो. नव्या इंजिनांत २,००० आणि त्याहून वर. आपल्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. काही गाड्यांत फीड पंप टाकीत बसवलेला इलेक्ट्रिक असतो, काहींत तो हाय प्रेशर पंपाच्याच पोटात असतो आणि टाकीतून डिझेल ओढून आणतो. माझ्या गाडीत तो टाकीतला आहे. हा फरक पुढे कामाला येतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

जुन्या डिझेल गाड्यांत नोझलचा नट सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल येतंय का बघायचं, ही रीत होती. कॉमन रेल आल्यावर ती रीत संपली. डेन्सोने १९९५ मध्ये ट्रकसाठी आणि बॉशने १९९७ मध्ये कारसाठी ही पद्धत बाजारात आणली, तेव्हापासून चालू इंजिनवर रेलचा नट सैल करणं म्हणजे आत्मघात. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. अशी जखम झाली तर दुखत नसलं तरी थेट ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडे जायचं असतं. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. आणि इंजिन बंद केल्यावरही दाब उतरायला वेळ द्यायचा. हे सगळं सांगतोय कारण मी पुढे जे काही केलं ते कमी दाबाच्या बाजूला केलं, आणि घरी करण्यासारखं तेवढंच आहे.

तर पहिली गोष्ट, चालत्या गाडीत आकडे बघणं. उभ्या गाडीचे आकडे इथे काही कामाचे नव्हते, कारण उभी गाडी बरोबरच चालत होती. हौद्यात माल तसाच ठेवला, भाच्याला शेजारी बसवलं आणि स्कॅनर त्याच्या हातात दिला. स्क्रीनवर फक्त तीन गोष्टी ठेवल्या: ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मागत असलेला रेलचा दाब, प्रत्यक्ष मिळणारा दाब, आणि हाय प्रेशर पंपात किती डिझेल घ्यायचं ते ठरवणारा, त्याच्या तोंडावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह किती उघडलाय. पायथ्याशी भाचा आकडे वाचत होता. "मागितलंय ३००, मिळालंय २९८." चढाला लागलो, पाय दाबला. "१,५०० मागतंय, १,४८०. १,५०० ला १,३५०. मामा, खाली यायला लागलंय. १,२००, १,०५०, व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय." ९०० ला दिवा लागला आणि गाडी बसली.

या एका फेरीत बरंच कळलं. ईसीयू बरोबर मागत होता. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून तो जास्तीत जास्त डिझेल आत घेऊ पाहत होता. तरीही दाब पडत होता. म्हणजे एक तर पंप आणि नोझल मिळालेलं डिझेल सांभाळू शकत नव्हते, किंवा मुळात पंपाला डिझेलच पुरत नव्हतं. धूर नव्हता ही गोष्टही बोलकी होती. टर्बोचा पाइप फुटला किंवा हवा कमी पडली तर जोर जाताना काळा धूर निघतो, कारण डिझेल येतं आणि हवा नसते. इथे उलट होतं. आणि तिसरी गोष्ट, स्टार्टिंग. नोझल आतून जास्त डिझेल मागे सोडत असतील, किंवा रेलचा जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह गळत असेल, तर सेल्फ मारताना दाब तयार व्हायलाच वेळ लागतो. पंप हळू फिरत असतो, गळती तेवढीच असते. अशी गाडी गरम असताना तर फारच रडवते. माझी गाडी गरम असो वा थंड, झटक्यात चालू होत होती. हाय प्रेशर पंपाच्या बाजूने ही मोठी साक्ष होती.

तरी शंका नको म्हणून नोझलच्या रिटर्नची, म्हणजे न फवारता मागे परत जाणाऱ्या डिझेलची, चाचणी करून घेतली. प्रत्येक नोझलची रिटर्न नळी काढून तिथे पारदर्शक नळी लावायची, खाली मापाच्या बाटल्या बांधायच्या आणि इंजिन चालवून चारही बाटल्यांतली पातळी बघायची. एखादी बाटली भराभर भरली तर तो नोझल झिजला. चारही जवळपास सारख्या भरल्या. रेलचा सेन्सर खोटं बोलत नाही ना हेही तपासलं. इंजिन रात्रभर बंद ठेवून सकाळी नुसती चावी ऑन केली तर रेलचा दाब शून्याजवळ आणि सेन्सरच्या वायरवर अर्धा व्होल्ट दिसला पाहिजे. तसा दिसला. मग मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याच्या तोंडावरची बारीक जाळी टॉर्चखाली धरली. हे महत्त्वाचं. हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. पुरवठा कमी पडला की तो आतून झिजतो आणि धातूची चकचकीत भुकटी सगळीकडे पसरते. ती दिसली असती तर पंपच काय, रेल, नोझल, पाइप, टाकी, सगळ्यावर खर्च होता. जाळीवर चकाकी नव्हती, थोडा तपकिरी थर होता. त्या तपकिरी थराकडे तेव्हाही जरा जास्त वेळ बघितलं होतं.

आता कमी दाबाची बाजू. इथे स्कॅनर आंधळा. माझ्या गाडीत, आणि बऱ्याच गाड्यांत, या भागात दाबाचा सेन्सरच नसतो. ईसीयू रेलचा दाब बघतो, त्याच्या मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून दाब मोजणारा साधा काट्याचा गेज लागतो, १० बारपर्यंतचा. फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्यामधल्या पाइपला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावला, तिथून डिझेलला चालणारी लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज समोरच्या काचेवर वायपरजवळ टेपने चिकटवला. गेज केबिनमध्ये आणायचा मोह होतो, पण नळी सुटली तर सीटवर डिझेलचा अभिषेक. बाहेरच बरा.

सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, आयडलिंगला किमान ४ बार. माझ्याकडे ३.३ दिसले. कमी होते, पण फार वाईट नव्हते. उभ्या गाडीवर बघणाऱ्याने "थोडं कमी आहे, चालतंय" म्हणून सोडून दिलं असतं. चढावर पाय दाबला तेव्हा काटा ३ वर आला, मग २ वर, आणि रेलचा दाब पडायला लागला त्या क्षणी गेजवर १.१ होते. आधी गेज पडायचा आणि मग रेल. हा क्रम दिसला आणि हाय प्रेशर पंपावरचा आरोप माझ्यापुरता संपला. ज्याला खायलाच मिळत नाही त्याने काम केलं नाही म्हणून त्याला बदलण्यात काय हशील?

मग गेज फिल्टरच्या अलीकडे लावला. तिथेही जवळजवळ तेच आकडे, फरक ०.२ बार. फिल्टर तुंबला असता तर त्याच्या अलीकडे दाब भरपूर आणि पलीकडे कमी दिसला असता. फिल्टर सुटला. टाकीचं झाकण सैल ठेवून एक फेरी मारली, कारण झाकणाची हवा घ्यायची वाट बंद झाली तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप ओढतच राहतो. काही फरक नाही. टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप पालथं पडून बघितला, कुठे चेपला नव्हता, ओल नव्हती. इथे तो सुरुवातीचा फरक आठवा. ज्या गाडीत पंप पुढे असतो तिथे पाइपमधून डिझेल ओढलं जातं, त्यामुळे भेग पडली तर हवा आत जाते, गाडी 'एअर घेते', आणि बाहेर थेंबही दिसत नाही. पंप टाकीत असला की पाइपमध्ये दाब असतो, भेग पडली तर डिझेल बाहेर ठिबकतं. माझा पाइप कोरडा, म्हणजे पाइप शाबूत.

उरला पंप, आणि पंपाला जे काही लागतं ते. पंपाला दोन गोष्टी लागतात, एका बाजूने डिझेल आणि दुसऱ्या बाजूने वीज.

वीज आधी बघितली, कारण त्यासाठी टाकी उतरवावी लागत नाही. वायरिंगवाल्याने पंपाचा कनेक्टर काढला, त्यात टेस्ट लँप घातला, लँप लागला. "करंट बरोबर आहे." मी मल्टिमीटर लावला, १२.५ व्होल्ट. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, करंट येत होता. पण कनेक्टर काढलेला असताना वायरमधून जवळजवळ काही वाहतच नसतं. एलईडीच्या टेस्ट लँपला असा किती करंट लागणार? एक धागा शिल्लक राहिलेली वायरसुद्धा तो लँप लावून दाखवते. पंप चालू असताना, सात अँपिअर वाहत असताना काय पोहोचतं, ते बघायला हवं होतं.

कनेक्टर पुन्हा जोडला, मागच्या बाजूने बारीक सुया आत सरकवल्या आणि इंजिन चालू ठेवलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. पंपाच्या दोन टोकांमध्ये १०.८. तीन व्होल्टच्या वर वाटेत गडप. आता कुठे ते शोधायचं. मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी पंपाच्या पॉझिटिव्हवर: ०.४ व्होल्ट. फ्यूज, रिले आणि एवढी लांब वायर धरता हे ठीक. मग एक सुई पंपाच्या अर्थिंगच्या, म्हणजे चेसिसमार्गे बॅटरीकडे परत जाणाऱ्या वायरवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर: २.९ व्होल्ट. इथे जेमतेम ०.१ किंवा ०.२ दिसायला हवे होते.

अर्थिंगची वायर पकडून मागे गेलो. टाकीच्या वरून चेसिसच्या आतल्या अंगाला, मागच्या चाकाच्या जरा पुढे, एका बोल्टखाली तिचं गोल टोक आवळलेलं होतं. चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथेच बसणार अशी जागा. वरून बोल्ट घट्ट. वायर हलवली तर हललीही नाही. पण बोट लावलं तर ते टोक चांगलं कोमट होतं, शेजारचा चेसिस थंडगार. हिशोब केला तर २.९ व्होल्ट गुणिले ७ अँपिअर, म्हणजे २० वॉट तिथे नुसते गरम होण्यात जात होते. बोल्ट काढला. टोक आणि चेसिस यांच्यामध्ये पांढरट-हिरवा थर, वायरचं रबर तोंडाशी कडक होऊन तडकलेलं आणि आतल्या तांब्याच्या तारा काळ्या पडून अर्ध्या तुटलेल्या. नंतर गंमत म्हणून त्याच टोकाचा ओहम मोजला: मीटरने ०.५ दाखवला. मीटरच्या स्वतःच्या सुया एकमेकींना टेकवल्या तर ०.२ येतात. कोणीही म्हणेल, कंटिन्युइटी आहे, वायर ठीक आहे.

काळं तांबं जिथपर्यंत होतं तिथपर्यंत वायर कापली. आत चकचकीत तार लागेपर्यंत बरीच कापावी लागली, म्हणून नवा तुकडा जोडला, टोकाला नवा लग, म्हणजे बोल्टखाली आवळायचं गोल टोक, दाबून बसवला, चेसिसचा रंग आणि गंज खरवडून धातू उघडा केला आणि सगळं आवळून वरून ग्रीस फासलं. आता त्या बाजूचा व्होल्टेज ड्रॉप ०.१. पंपाला १३.६ व्होल्ट मिळायला लागले. आवाजातच फरक कळत होता. आधी पंप गुरगुरायचा, आता त्याचा सूर वर चढला.

गेजवर आयडलिंगला ४.३ बार. मॅन्युअलच्या आकड्याच्या वर. इथेच थांबावंसं वाटतं. कारण सापडलं, डोळ्यांनी दिसलं, दुरुस्त झालं, आकडा बरोबर आला. माल भरून चढाला लावली तर गाडी वर चढली, दिवा लागला नाही. पण काटा ४.३ वरून २.४ पर्यंत खाली आला होता, आणि रेलचा दाब मागणीपेक्षा ६०-७० बार मागे रेंगाळत होता. चांगल्या पंपाचा दाब लोडवर थोडा पडणारच, पण निम्म्यावर येणार नाही. शिवाय एक प्रश्न सुटत नव्हता. दोष नुसता अर्थिंगचा असता तर गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर लगेच तोच त्रास व्हायला हवा होता, खराब अर्थिंग विश्रांती घेऊन बरं होत नाही. माझी गाडी मात्र थांबल्यावर थोडं अंतर अगदी नीट ओढायची आणि मग हळूहळू बसायची. थांबल्यावर सुधारते आणि ओढत राहिलं की बिघडते अशी एकच गोष्ट त्या रस्त्यात होती: जाळी. आणि मीटरिंग व्हॉल्व्हवरचा तो तपकिरी थर कुठून तरी आलेलाच होता.

टाकी उतरवायची म्हणजे आधी रिकामी करायची. डिझेलचं वजन लिटरला साधारण ८३० ते ८५० ग्रॅम, भरलेली ७० लिटरची टाकी जॅकवरून घसरली तर पायाचं काही खरं नाही. डिझेल पेट्रोलसारखं वाफेने भडकत नाही, पण म्हणून विडी ओढत काम करावं असंही नाही. बॅटरीचा निगेटिव्ह काढला, गाडी ठोकळ्यांवर घेतली, नळ्यांची तोंडं झाकायला स्वच्छ टोपणं आधीच तयार ठेवली. टाकीच्या वरच्या बाजूला बोटभर वाळलेला चिखल होता. तो पाण्याने आणि ब्रशने काढून, कोरडा करून मगच पंपाची मोठी रिंग सोडली. इथे घाई केली तर साफ करायला उघडलेल्या टाकीत आपणच माती टाकतो.

पंप बाहेर काढला आणि भाचा मागे सरकला. वास डिझेलचा नव्हता, नासक्या पाण्याचा होता. पंपाच्या तळाची जाळी, जी मुळात पांढऱ्या नायलॉनची असते, ती काळपट तपकिरी बुळबुळीत थराने झाकलेली होती. बोटाने ओढला तर थर सालीसारखा सुटून आला. टाकीच्या तळाशी टॉर्च मारला तर डिझेलखाली पाण्याचा वेगळा थर दिसत होता, आणि दोघांच्या मध्ये तसल्याच बुळबुळीत चिंध्या तरंगत होत्या.

हे जिवाणू आणि बुरशी. पाणी नसेल तर ती डिझेलमध्ये वाढत नाहीत. टाकीत पाणी साठलं, मग ते अर्धी रिकामी टाकी रात्री थंड पडून आतल्या हवेतलं दव असो, नाहीतर भरतानाच आलेलं असो, की त्या पाण्यात राहून ती वरच्या डिझेलवर जगतात. बायोडिझेल मिसळलेलं इंधन पाणी जास्त धरून ठेवतं, त्यामुळे तिथे ही तक्रार जास्त. त्या चिंध्या आयडलिंगला तळाशी पडून राहतात. पाय दाबला, पंपाने जोरात ओढायला सुरुवात केली, की जाळीकडे खेचल्या जाऊन तिच्यावर चिकटतात. ओल्या रुमालाने नाकतोंड दाबून एखाद्याला धावायला लावावं तशी पंपाची अवस्था. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, काही चिंध्या सुटून पुन्हा खाली बसतात, आणि पुढचं थोडं अंतर गाडी शहाण्यासारखी चालते. थांबल्यावर बरं होण्याचं कोडं सुटलं. अर्थिंग खराब असल्यामुळे पंपाचा जोर आधीच कमी, त्यात जाळी बंद. दोघांपैकी एकच दोष असता तर कदाचित गाडीने बरेच दिवस निभावून नेलं असतं.

टाकी पूर्ण रिकामी करून आतला थर पुसून काढला. आत हात पोहोचतो तिथे बिनधाग्याचं कापड, जिथे पोहोचत नाही तिथे स्वच्छ डिझेलने खळबळून, ते ओतून, पुन्हा खळबळून. पाण्याने धुवायची सूचना एका जाणकाराने केली होती. ती मी ऐकली नाही. आतल्या कप्प्यांच्या कोपऱ्यात राहिलेलं वाटीभर पाणी हाच तर सगळ्या रोगाचा पाया. जुनं डिझेल गाळून पुन्हा वापरायचा विचार मनात आला होता, पण त्यात काय काय आहे हे डोळ्यांनी बघितल्यावर ते घातक कचऱ्यात दिलं.

पंप बदलायचा का, यावर जरा विचार केला. जाळी वेगळी मिळत होती. पंप स्वच्छ डिझेलच्या डब्यात उभा करून चालवला, तोंड गेजने बंद करून दाब बघितला आणि मग तोंड मोकळं करून अर्ध्या मिनिटात किती डिझेल बाहेर पडतं ते मापाच्या डब्यात मोजलं. दोन्ही मॅन्युअलच्या आत. दाब आणि प्रमाण दोन्ही बघायचे, कारण पुढची वाट बंद असताना थकलेला पंपही चांगला दाब दाखवू शकतो. करंट सहा-सात अँपिअरवर स्थिर, आवाज एकसारखा. म्हणून पंप तोच ठेवला, जाळी नवी आणि रिंगखालचं रबर सील नवं. ते सील जुनं परत बसवू नका, डिझेलमध्ये फुगलेलं असतं, पुन्हा खाचेत बसत नाही आणि मग टाकी भरली की वरून पाझरतं.

टाकी चढवायच्या आधी पुढे जाणाऱ्या पाइपमधून स्वच्छ डिझेल सोडून पाइप धुतला, फिल्टर बदलला, फिल्टरखालचा पाण्याचा सेन्सर काढून पुसला. तो सेन्सर या सगळ्या प्रकरणात एकदाही बोलला नव्हता. कारण साधं आहे: पाणी फिल्टरपर्यंत येऊन साठलं तर तो बोलणार, टाकीच्या तळाशी साठलेल्या पाण्याची त्याला खबर नाही. पाइपात शिरलेली एअर काढायला चावी नुसती ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट बघायची, बंद करायची, पुन्हा ऑन. असं पुन्हापुन्हा करून गेजचा काटा लगेच वर जायला लागला की मगच सेल्फ मारायचा. कोरड्या हाय प्रेशर पंपाला सेल्फवर फिरवत बसणं म्हणजे एवढ्या खटपटीने वाचवलेला पंप स्वतःच्या हाताने घासणं.

आयडलिंगला ४.८ बार. माल भरला, भाचा स्कॅनर घेऊन बसला, तोच चढ. पाय पूर्ण दाबलेला, गेज ४.३ वर स्थिर. "१,५०० ला १,४९५. १,५२० ला १,५१०. व्हॉल्व्ह अर्धाच उघडलाय, मामा." व्हॉल्व्हचा तो आकडा ऐकून मला जास्त बरं वाटलं. म्हणजे ईसीयूला आता पुरवठ्यासाठी धडपडावं लागत नव्हतं, अजून हात राखून होता.

पंप गेला म्हणणाऱ्याला आकडे दाखवले. त्याने गेजची नळी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "हा टी कुठल्या मापाचा?" माप सांगितलं.

टी मी गाडीवरून काढला नाही, त्याचं तोंड टोपणाने घट्ट बंद करून ठेवलंय. पुढच्यांदा गेज लावायचा झाला तर बॉनेट उघडून लगेच लागेल. नवा फिल्टर मात्र पूर्ण मुदतीपर्यंत ठेवला नाही. थोड्या अंतरानंतर काढून त्याचा डबा कापला. कागदाच्या घड्यांमध्ये अजून तपकिरी रेघा होत्या, पाइपात आणि टाकीच्या कोपऱ्यांत राहिलेलं ते सगळं तिथे येऊन बसलं होतं. चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. दुसरा फिल्टर बसवला, खालचा नळ उघडून साठलेलं काचेच्या बरणीत घेतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी तळाशी पाणी नव्हतं.